लोकांच्या हातचा कोश

१९३२च्या अखेरीला तुर्कस्तानातल्या शाळामास्तरांवर आणि सरकारी नोकरांवर एक नवी कामगिरी येऊन पडली. गावोगावचे लोक बोलताना जे शब्द सर्रास वापरतात, पण पुस्तकांत जे कधी उतरले नाहीत, ते टिपून राजधानीला पाठवायचे. त्यासाठी चिठ्ठ्या छापल्या गेल्या. प्रत्येक प्रांतात शब्दसंग्रहाची समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद खुद्द प्रांताच्या गव्हर्नरकडे दिले गेले. या मोहिमेला नावही लष्करी थाटाचे होते, जणू सैन्यभरती चालली आहे. वर्षभरात ३५,३५७ शब्द हाती लागले. तिकडे विद्वान मंडळी दीडशेहून अधिक जुने ग्रंथ आणि तुर्की कुळातल्या इतर भाषांचे कोश चाळत बसली होती. त्यांनी काढलेल्या शब्दांची संख्या नव्वद हजारांच्या घरात गेली.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कळायला चार वर्षे मागे जावे लागते. ९ ऑगस्ट १९२८च्या रात्री इस्तंबूलच्या गुल्हाने बागेत प्रजासत्ताकाचे अध्यक्ष मुस्तफा कमाल यांनी नव्या लॅटिन लिपीची घोषणा केली. १ नोव्हेंबरला कायदा झाला आणि डिसेंबरपासून वर्तमानपत्रे नव्या अक्षरांत निघू लागली. शतकानुशतकांची अरबी लिपी काही महिन्यांत सार्वजनिक व्यवहारातून गेली. १९२९मध्ये शाळांतून अरबी-फारसीचे शिक्षणही बंद झाले. लिपी बदलली तरी भाषा मात्र जुनीच राहिली होती. उस्मानी दरबाराची लेखी भाषा अरबी-फारसी शब्दांनी आणि त्याच भाषांच्या समासांनी इतकी भरलेली होती की अनातोलियातल्या शेतकऱ्याला सरकारी फर्मान वाचून दाखवले तरी त्याला ते समजत नसे. मुस्तफा कमाल यांना ही दरी बुजवायची होती. त्यांचा निष्कर्ष असा की परके शब्द काढले पाहिजेत आणि त्यांच्या जागी लागणारे देशी शब्द लोकांकडेच मागितले पाहिजेत.

१२ जुलै १९३२ रोजी तुर्की भाषा संशोधन मंडळ स्थापन झाले. सप्टेंबरअखेरीस दोल्माबाहचे राजवाड्यात पहिली भाषा परिषद भरली. सुलतानांच्या वाड्यात, प्रजासत्ताकाच्या अध्यक्षांच्या उपस्थितीत, दहा दिवस चर्चा चालली ती शब्दांची. पत्रकार हुसेयिन जाहित तिथे उभे राहिले आणि भाषा आपल्या गतीने बदलते, तिला हुकमाने बदलू नये, असे त्यांनी मांडले. त्या सभागृहात असे बोलायला धैर्य लागत होते. त्यांच्यावर चहूबाजूंनी टीका झाली आणि परिषद पुढे सरकली. सोफियाहून बोलावलेले आर्मेनियन भाषापंडित आगोप मार्तायान याच परिषदेपासून या कामात आले. १९३४च्या आडनाव कायद्यानंतर त्यांनी ‘दिलाचार’, म्हणजे भाषा उघडणारा, हे आडनाव घेतले आणि हयातभर ते तुर्की भाषेची सेवा करत राहिले.

गोळा झालेल्या सगळ्या शब्दांचा संग्रह १९३४मध्ये ‘तारामा दर्गिसी’ या नावाने छापला गेला. एकेका अरबी वा फारसी शब्दापुढे त्याचे सापडलेले सगळे देशी पर्याय ओळीने दिले होते, कुठला वापरावा हे न सांगता. कलम या शब्दाला अर्धा डझन पर्याय होते. अक्कल या अर्थाच्या शब्दाला सव्वीस होते आणि ‘हेदिये’ म्हणजे भेटवस्तू, तिला तर सत्त्याहत्तर. कुठला शब्द एखाद्या डोंगराळ गावातून आलेला, कुठला मध्य आशियातल्या जुन्या पोथीतून. (यातले किती शब्द आपल्याही तोंडी आहेत! कलम, अक्कल, जवाब, हिशेब, हवा, दुनिया. एकाच फारसी प्रभावाच्या छायेत आपण आणि ते, दोघेही वाढलो.)

मग जो गोंधळ उडाला त्याचे वर्णन ब्रिटिश तुर्कविद्याविशारद जेफ्री लुइस यांनी केले आहे. वर्तमानपत्रांतले लेखक आपला मजकूर नेहमीच्या भाषेत लिहीत आणि ‘पर्याय घालणाऱ्या’ नोकराकडे देत. तो तारामा दर्गिसी उघडून एकेक अरबी-फारसी शब्द खोडी आणि त्या जागी संग्रहातला कुठलातरी देशी शब्द घाली. त्याच वेळी शेजारच्या कचेरीत दुसऱ्या वर्तमानपत्राचा नोकर त्याच शब्दाला दुसराच पर्याय घालत असे. त्यामुळे सकाळी वाचकाच्या हाती पडलेल्या दोन पत्रांत एकच बातमी दोन निराळ्या भाषांत असे. ३ ऑक्टोबर १९३४ रोजी स्वीडनच्या युवराजांच्या स्वागतासाठी झालेल्या मेजवानीत खुद्द मुस्तफा कमाल यांनी नव्या शब्दांनी भरलेले भाषण वाचले. ज्यांच्या वक्तृत्वाने सैन्ये उठली होती, ते त्या दिवशी नुकतेच वाचायला शिकलेल्या मुलासारखे वाचत होते, असे लुइस म्हणतात.

हे त्यांच्याही लक्षात आले असले पाहिजे. त्यांचे निकटवर्ती पत्रकार फालिह रिफ्की अताय यांनी पुढे लिहून ठेवले की भाषा एका बंद गल्लीत येऊन अडकली आहे, तिला तिथून बाहेर काढायला हवे, अशी कबुली कमाल यांनी दिली होती. १९३५मध्ये एक आटोपशीर मार्गदर्शक कोश निघाला आणि पर्यायांची संख्या छाटली गेली. मग ‘सूर्य-भाषा सिद्धान्त’ आला. जगातल्या सगळ्या भाषांचे मूळ तुर्की आहे, असे तो सांगे. तसे असेल तर अरबी शब्दही मुळात तुर्कीच ठरतात आणि त्यांना हाकलण्याची गरज उरत नाही. शास्त्र म्हणून त्याला काही किंमत नव्हती, पण शुद्धीकरणाचा वेग त्याने कमी केला. सुधारणा मात्र थांबली नाही. १९२७मध्ये मुस्तफा कमाल यांनी आपल्या पक्षाच्या अधिवेशनात सलग सहा दिवस केलेले प्रसिद्ध भाषण, ‘नुतुक’, १९६०च्या दशकात आजच्या तुर्कीत भाषांतरित करून छापावे लागले. राष्ट्रपित्याचे शब्द नातवंडांना परके झाले होते.

या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या मास्तरांनी भरलेल्या चिठ्ठ्या. सव्वा लाखाच्या आसपास चिठ्ठ्या आल्या होत्या. पन्नाशीच्या दशकात पुन्हा एक फेरी झाली आणि त्या सगळ्यातून १९६३ ते १९८२ या काळात बोलीभाषांचा बारा खंडांचा कोश निघाला. नांगराच्या भागांची नावे, पावसाचे प्रकार, मेंढराच्या वयाप्रमाणे बदलणारे शब्द, असे जे कोणाही विद्वानाच्या खोलीत बसून कळले नसते, ते अनामिक माणसांनी सांगितले आणि अनामिक मास्तरांनी लिहून घेतले. पण हे लक्षात ठेवले पाहिजे की लोकांनी फक्त शब्द द्यायचे होते. त्यातला कुठला ठेवायचा, कुठला टाकायचा आणि ठेवलेल्याचा अर्थ काय, हे ठरवणारे निराळे होते. भाषामंडळावर पुढे उजव्या-डाव्यांची झुंज सुरू झाली. कोणता शब्द वापरतो त्यावरून माणसाचे राजकारण ओळखू येऊ लागले. १९८०च्या लष्करी उठावानंतर, १९८३मध्ये, हे मंडळ थेट सरकारी छत्राखाली आणले गेले. १९८५मध्ये सरकारी रेडिओ-दूरदर्शनने २०५ नवे शब्द उच्चारण्यावर बंदी घातली. पन्नास वर्षांपूर्वी जुने शब्द नकोसे होते, आता नवे.

लुइस यांचे या सुधारणेवरचे पुस्तक १९९९मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी, १५ फेब्रुवारीला, तुर्कस्तानात दुसरा एक लोककोश सुरू झाला. त्याच्या मागे ना अध्यक्ष होते ना गव्हर्नर. एस्कीशहरचा सेदात कापानोलू नावाचा तरुण प्रोग्रामर होता. इंटरनेट देशात येऊन सहाच वर्षे झाली होती. १२ एप्रिल १९९३ रोजी अंकाराच्या मध्यपूर्व तांत्रिक विद्यापीठातून पहिली जोडणी झाली होती. कापानोलूचे स्वतःचे एक छोटे संकेतस्थळ होते. त्याचे नाव त्याने पोर्टिसहेड या इंग्रजी वाद्यवृंदाच्या एका गाण्यावरून घेतले होते. डग्लस ॲडम्सच्या ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या कादंबरीत विश्वभर भटकणाऱ्यांनी नोंदी धाडून तयार झालेला एक कोश आहे. तसा कोश खरोखर करून बघावा, असे त्याच्या मनात आले. त्याचे नाव पडले ‘एक्शी सोझ्लुक’, म्हणजे आंबट कोश. पहिली नोंद त्याने स्वतःच लिहिली, ‘पेना’ या शब्दावर: गिटार वाजवायला लागणारी प्लास्टिकची छोटी विचित्र वस्तू. विकिपीडिया यायला अजून दोन वर्षे होती.

दोघांत मूलभूत फरक आहे आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो. विकिपीडियात एका विषयावर एकच लेख असतो. शेकडो माणसे तो दुरुस्त करतात आणि सर्वांना मान्य होईल असा एक मजकूर शेवटी उरतो. एक्शीमध्ये एका मथळ्याखाली कितीही माणसे आपापली व्याख्या लिहू शकतात. कोणी कोणाची पुसत नाही, कोणी कोणाची सुधारत नाही. पहिल्या माणसाने एखाद्या शहराला स्वर्ग म्हटले असेल, बाराव्याने तिथल्या भाड्याच्या खोलीतल्या ओलीबद्दल लिहिले असेल, तीनशेव्याने तिथे आपले लग्न कसे मोडले ते. सगळे एकाखाली एक, तारखेनिशी आणि टोपणनावानिशी, तसेच राहते. तारामा दर्गिसीने एका भेटवस्तूला सत्त्याहत्तर शब्द दिले तेव्हा देश गोंधळला आणि सत्तेने हात आखडला. इथे एका मथळ्याला सत्त्याहत्तर अर्थ मिळाले तर कोश श्रीमंत झाला असे मानले गेले. कापानोलूने त्या जुन्या मोहिमेचा विचार केला होता असे माझे म्हणणे नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच देशात घडल्या, आणि शेजारी ठेवल्याशिवाय दोन्ही नीट कळत नाहीत.

इतक्या मोकळ्या कोशाला शिस्तही कडक होती. नोंदीत व्याख्या असली पाहिजे किंवा उदाहरण तरी. वरच्या लेखकाला उद्देशून काही लिहायचे नाही, कारण त्याची नोंद उद्या काढली गेली तर तुमचे वाक्य अधांतरी लटकेल. म्हणजे प्रत्येक नोंद एकटी उभी राहिली पाहिजे. सगळे छोट्या अक्षरांत, मोठी अक्षरे नाहीत. आपल्या कोशांत ‘पहा’ लिहून दुसऱ्या शब्दाकडे धाडतात, तसे तिथे ‘बीकेझेड’ असा संक्षेप वापरत. लवकरच तो टोमण्याचे हत्यार झाला. एखाद्या मंत्र्याच्या नावाखाली काहीच न लिहिता केवळ दुसऱ्या मथळ्याकडे बोट दाखवले की सगळे बोलून होई. नवख्याला ‘चायलाक’ म्हणत. त्याने आधी दहा नोंदी लिहायच्या आणि मग रांगेत थांबायचे. नियामकांना नोंदी पसंत पडल्या तरच तो लेखक. लेखकांची भरती लाटालाटांनी होई, म्हणून त्यांच्या ‘पिढ्या’ मोजल्या जात, आणि पहिल्या पिढीचा लेखक असणे ही मिरवायची गोष्ट होती. मधल्या काळात दारे बंद. कित्येकांनी महिनोन्‌महिने वाट पाहिली. २००४मध्ये कापानोलू मायक्रोसॉफ्टच्या नोकरीसाठी अमेरिकेत गेला, पण कोश चालूच राहिला, कारण तो चालवणारी माणसे तोवर पुष्कळ झाली होती. पडद्यावर टोपणनावांनी भांडणारे हे लोक शहरोशहरी ‘शिखर’ नावाच्या मेळाव्यांत प्रत्यक्ष भेटत. तिथे मैत्र्या झाल्या, लग्नेही झाली.

आणि या कोशाला पिल्लेही पुष्कळ झाली. इस्तंबूल तांत्रिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी स्वतःचा काढला, मग उलुदाग नावाचा निघाला, २००९मध्ये ‘इन्जी’ नावाचा अधिक मवाली. जगाच्या इतर भागांत ज्या जागी चर्चामंडळे आणि अनुदिन्या वाढल्या, त्या जागी तुर्कस्तानात कोश वाढले. याचे कारण काय असावे? मला वाटते, १९८०च्या उठावाने पक्ष, कामगार संघटना, विद्यार्थी मंडळे मोडली आणि त्या मोडतोडीत वाढलेल्या पिढीला एकत्र बसायला जागाच उरली नव्हती. वर्तमानपत्रे आणि वाहिन्या मोजक्या उद्योगसमूहांच्या हाती होत्या. मत मांडणे धोक्याचे, व्याख्या करणे निरुपद्रवी. ‘सरकार म्हणजे काय’ हे कोशात लिहिता येत होते.

एक्शीचे दोषही लहान नाहीत. सुरुवातीची मंडळी बहुतांशी शहरी, शिकलेली, पुरुष होती आणि त्यांची नजर कोशभर पसरली. बायकांविषयीच्या मथळ्यांखाली जे लिहिले गेले त्यातले पुष्कळसे वाचवत नाही. टोपणनावाआडून खऱ्या माणसांची बदनामी झाली आणि ज्यांची झाली त्यांनी न्यायालयात जाणे रास्तच होते. ज्यांना आपल्या नावाखालचे खोटे पुसून हवे आहे त्यांचा हक्क मी नाकारत नाही. पण कोशाला जे भोगावे लागले त्यातला मोठा भाग अशा पीडितांमुळे आलेला नाही.

एप्रिल २००७मध्ये अदनान ओक्तार यांनी बदनामीचा दावा लावला. उत्क्रांतीविरोधी पुस्तकांचे ढीग ‘हारून याह्या’ या नावाने जगभर वाटणारे, स्वतःभोवती एक पंथ जमवलेले हे गृहस्थ. त्यांच्या नावाखालच्या नोंदी काढून तो मथळा कुलूपबंद होईपर्यंत न्यायालयाच्या आदेशाने अख्खा कोश बंद ठेवला गेला. (याच ओक्तार यांना २०२१मध्ये लैंगिक अत्याचारासह अनेक गुन्ह्यांसाठी हजाराहून अधिक वर्षांची शिक्षा झाली.) पुढच्याच महिन्यात ५६५१ क्रमांकाचा इंटरनेट कायदा झाला. संकेतस्थळे अडवण्याचे अधिकार त्याने दिले आणि पुढच्या दुरुस्त्यांनी ते अधिकार वाढतच गेले. एका नोंदीसाठी लाखो नोंदींचे दार बंद करता येते, हे आता कायद्यातच बसले. आणि टोपणनावामागचा माणूस कोण, हे पोलीस विचारू लागले.

मे २०१४मध्ये इस्तंबूलच्या न्यायालयात निकाल लागला. प्रेषित मुहंमदांविषयीच्या नोंदींवरून धार्मिक मूल्यांचा अवमान केल्याचा खटला होता. आरोपी चाळीसच्या आसपास, बहुतेक साधे नोंदलेखक, आणि त्यांच्यासोबत संस्थापकही. कापानोलूला दहा महिन्यांची कैद सुनावली गेली, तिची अंमलबजावणी स्थगित ठेवून. तो तुरुंगात गेला नाही, पण दुसऱ्याने लिहिलेल्या व्याख्येसाठी कोशाचा मालक शिक्षेला पात्र ठरू शकतो, हे त्या दिवशी लिहिणाऱ्या प्रत्येकाला कळले. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातल्या एखाद्या शिवीच्या अर्थाबद्दल संपादकांना फौजदारी न्यायालयात उभे केले असते तर आपल्याला कसे वाटले असते, याची मी कल्पना करून पाहतो. अशी शिक्षा स्थगित असली तरी तिचे काम ती करते. लिहिणारा लिहिण्याआधी थांबतो. कोणती नोंद त्यामुळे लिहिलीच गेली नाही, याची कुठेच नोंद नसते.

विकिपीडियाचीही पाळी आली. २९ एप्रिल २०१७ रोजी तो तुर्कस्तानात बंद झाला आणि घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी २०२०मध्ये सुरू झाला. पावणेतीन वर्षे एका देशाला सर्व भाषांतला विकिपीडिया मिळत नव्हता.

मग ६ फेब्रुवारी २०२३ची पहाट. काहरामानमाराश भागात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, काही तासांनी दुसरा. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसे गेली. पहिल्या काही दिवसांत लोकांनी मिळेल त्या पडद्यावर ढिगाऱ्याखालच्यांचे पत्ते लिहिले, मदत कुठे पोहोचली नाही ते लिहिले, आणि इमारती का कोसळल्या, परवाने कोणी दिले, तंबू वेळेवर का आले नाहीत, हेही विचारले. एक्शीच्या मथळ्यांखाली तेच चालले होते. २१ फेब्रुवारीला, म्हणजे भूकंपानंतर पंधराच दिवसांनी, दूरसंचार नियामक संस्थेने त्या ५६५१ क्रमांकाच्या कायद्याखाली एक्शी सोझ्लुक अडवला. देशाची सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण दिले गेले. नेमकी कोणती नोंद धोक्याची होती, ते कळवले गेले नाही. मृतांचे दफन अजून चालू होते. एका देशाने आपल्या सर्वांत मोठ्या दुःखाच्या वेळी जे लिहिले, ते वाचण्याचा रस्ता त्याच देशाने बंद केला, हे मला आजही क्षम्य वाटत नाही.

चालवणाऱ्यांनी हार मानली नाही. नावापुढे २०२३ हा आकडा जोडून त्यांनी नवा पत्ता घेतला. तो अडवला गेला तेव्हा दुसरा घेतला, मग तिसरा. त्यांतल्या एका पत्त्यात प्रजासत्ताकाच्या स्थापनेचे साल होते, १९२३. वाचकांना दर वेळी नवा आकडा शोधावा लागे. तो एकमेकांना कळवला जाई आणि माणसे पुन्हा आत येत. पत्ते बदलत गेले तरी आतल्या नोंदींना १९९९पासून पडलेले क्रमांक बदलले नाहीत, आणि नव्या नोंदी त्यांच्यापुढचे क्रमांक घेत राहिल्या.